चंचल मुलांचा अपराध कोणता?

‘मुलगा हुशार आहे, पण लक्ष देत नाहीं,’ हा शेरा आमच्या शाळांच्या प्रगतिपुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिला जात आहे. त्यांतील ‘देत नाहीं’ या शब्दांकडे वाचकांनीं क्षणभर पाहावें. लक्ष हें जणूं मुलाच्या खिशांतलें नाणें असून तो तें हट्टानें मुठींत दाबून ठेवितो, असा त्यांचा ध्वनि आहे. मास्तरांचा उपहास आणि वडिलांची थप्पड यांचा उगम या एकाच गैरसमजांत आहे.

वैद्यकशास्त्राचा निर्णय याच्या अगदीं उलट आहे. अलेक्झांडर क्रायटन या वैद्यानें १७९८ सालींच अवधान स्थिर न राहण्याच्या विकाराचें वर्णन करून ठेविलें आहे. जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानें १९०२ सालीं लंडन येथें दिलेल्या व्याख्यानांत, बुद्धि शाबूत असूनहि ज्यांना स्वतःस आवर घालतां येत नाहीं अशा मुलांचा विचार केला. आज या अवस्थेस ‘एडीएचडी’ म्हणतात. जगभरच्या पाहण्यांचा २००७ सालीं एकत्र हिशेब झाला, तेव्हां तिचें प्रमाण शेंकडा ५ च्या आसपास निघालें. म्हणजे ६० मुलांच्या वर्गांत सरासरीनें ३ मुलें!

‘आमच्या वेळीं अशीं मुलें नव्हतीं,’ असें वडीलधारी मंडळी सांगतात. होतीं, परंतु दोनदां नापास होऊन तीं शाळेबाहेर पडत, आणि मागें उरलेल्यांनींच पुढें आठवणी लिहिल्या. दुसरा आक्षेप असा कीं, हाच मुलगा क्रिकेट पाहतांना तासन्‌तास हलत नाहीं, मग गणिताच्याच तासाला चुळबुळ कां? उत्तर सरळ आहे. वैगुण्य लक्षाच्या सांठ्यांत नसून त्याच्या लगामांत आहे. मन आपण होऊन जेथें धांवतें तेथें लगामाचें काम पडत नाहीं. रुक्ष कामांत तें पडतें, आणि तोच लगाम या मुलाच्या हातीं सैल असतो. तिसरा आक्षेप, हें खोडकरपणावर घातलेलें वैद्यकीय पांघरूण आहे. परंतु वयाच्या १२ व्या वर्षापूर्वीं सुरुवात, निदान ६ महिने सातत्य, आणि घर, शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणीं अडथळा, एवढें दिसल्याखेरीज जाणता डॉक्टर हें निदान करीत नाहीं.

मग करावें काय? उपाय गरीब शाळेलाहि परवडणारे आहेत. मूल पहिल्या बाकावर बसवावें. एका वेळीं एकच सूचना द्यावी. मोठा गृहपाठ लहान तुकड्यांत विभागावा. फळा पुसण्याच्या निमित्तानें त्याला उठूं द्यावें. काम चांगलें होतांच तेथल्या तेथें शाबासकी द्यावी. घरीं जेवण, अभ्यास व झोंप यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात, आणि शेजारच्या मुलाशीं तुलना सर्वथा वर्ज्य असावी. कांहींना औषधाचीहि गरज लागते. ती ठरविण्याचा अधिकार तज्ज्ञाचा, नातेवाइकांचा नव्हे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस बंदी केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत अपंगत्वाचे २१ प्रकार मोजले आहेत. त्यांत अध्ययन-अक्षमता आहे, पण या अवस्थेचें नांव नाहीं. कायदा येथें अपुरा पडतो म्हणून आमची जबाबदारी कमी होत नाहीं, उलट वाढते. यापुढें ‘लक्ष देत नाहीं’ असें लिहिणाऱ्या शिक्षकानें त्याखालीं ‘तें टिकावें म्हणून मीं अमुक केलें’ अशी दुसरी ओळ लिहावी. आणि प्रगतिपुस्तकावर सही करणाऱ्या पालकानें मुलावर हात उगारण्यापूर्वीं त्या दुसऱ्या ओळीचा जाब विचारावा.