ठराव करून बघा, मग पाणी येतं

मैत्रिणींनो, आमच्या सांगलीतला जत आठवतो ना? नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई म्हणाले, जतच्या चाळीस गावांनी आमच्याकडे यायचा ठराव केलाय. एकच गदारोळ! ठराव २०१२चा, जुना, असा खुलासा आपल्याकडून झाला. ठराव जुना असेल, पण तहान तर तीच होती की!

माझं माहेर साताऱ्याकडं, माणचं. घागरीसाठी रात्र जागवणं मला ठाऊक आहे.

ही चळवळ वाढेल का? पूर्व जतमध्ये कन्नड पूर्वापार बोलतात, पण भाषेवरून ठराव होत नाहीत, कोरड पडली की होतात. बोम्मईंच्या बोलण्यानंतर विस्तारित म्हैसाळ योजनेला वेग आला, हे सगळ्यांनी पाहिलं. लगेच डिसेंबरात सुरगाण्याची गावं गुजरात म्हणू लागली, नांदेडच्या सीमेवरची तेलंगणा. ओरडल्याशिवाय मिळत नाही, हा धडा आपणच दिला ना?

म्हणून मला वाटतं, पाणी शेवटच्या शिवारात पोचलं तर ही मागणी विरेल. योजना रेंगाळली, तर पुढच्या दुष्काळात आणखी गावं उठतील. बचत गटातली जतची एक बाई म्हणाली, "ताई, राज्य कुठलं का असंना, आमचा टँकर कधी बंद होणार ते सांगा."