घारीवर खापर कशाला?

मा. संपादक,

'घारीमुळे चार तास बत्ती गुल' ही मंगळवारची बातमी वाचली. फीडर ट्रिप कधी झाला, लाइट परत कधी आली, कोणाकोणाचे इन्व्हर्टर बसले, सगळं मिनिटावारी छापलंत. घार मेली, एवढं मात्र कुठे नाही. जणू ती घातपात करायलाच आली होती!

आयटीआयमध्ये मी तीस वर्षं वायरमन ट्रेडची पोरं शिकवली. दर वर्षी पहिल्याच आठवड्यात एक जण विचारायचा, 'सर, तारेवरच्या कावळ्याला शॉक कसा बसत नाही?' दोन्ही पाय एकाच तारेवर, म्हणून बसत नाही. दुसऱ्या फेजला किंवा अर्थ केलेल्या लोखंडाला अंग लागलं की संपलं. आता ११ केव्हीचा कुठलाही खांब बघा. आडवा क्रॉस आर्म लोखंडाचा, त्यावर वीतभर इन्सुलेटर, त्यावर उघडी तार. घारीचे पसरलेले पंख जवळजवळ दीड मीटर. क्रॉस आर्मवर बसलेली घार उडायला पंख उघडणार, की आधी टेप लावून अंतर मोजणार? त्यात पावसाने पिसं भिजलेली असली तर आणखीच सोपं. घुबड, मोर, वटवाघूळ, सगळ्यांची हीच गत. आमच्या कोपऱ्यावर तारांमध्ये वाळून गेलेलं एक वटवाघूळ दिवाळीपासून लटकतंय.

मंगळवारी मी खांबापाशी गेलो होतो. घार डीपीखाली पडली होती. एका पंखाचं टोक जळून गेलेलं, नख्या घट्ट आवळलेल्या, केस जळाल्यासारखा वास. वायरमन माझाच जुना विद्यार्थी. त्याने काठीने तिला गटारात सरकवलं आणि म्हणाला, 'सर, जंपरला लागली. स्लीव्ह घातली असती तर नसती लागली. पण मटेरियल कुठे येतं?' त्याचं खरं आहे. जंपरवर, म्हणजे खांबावरच्या जोडतारेवर, इन्सुलेशनची नळी, ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगवर टोपी, एवढंच काम. चंद्रावर जायचं नाही.

राजस्थानात माळढोकासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं. एप्रिल २०२१ मध्ये तारा शक्य तिथे जमिनीखाली न्या, बाकीच्या पक्ष्यांना लांबून दिसाव्यात म्हणून त्यांवर डायव्हर्टर लावा, असा आदेश झाला. मार्च २०२४ मध्ये तो बदलून समिती आली. ते असो. पण भारतीय वन्यजीव संस्थेची माणसं तिथे तारांखाली फिरली, मेलेले पक्षी मोजले आणि थरच्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरमध्ये वर्षाला सुमारे ८४,००० पक्षी तारांपायी मरतात असा अंदाज त्यांनी मांडला. त्यातले बहुतेक धडकून मरतात, शॉकने नाही, हे मला कळतं. मुद्दा मोजण्याचा आहे. आपल्याकडे मिनिटं मोजतात, पक्षी नाही.

गंमत म्हणजे मोजायला वेगळं कोणी नेमायलाही नको. सबस्टेशनच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक ट्रिपिंगची वेळ आणि कारण लिहिलं जातं. 'पक्षी' असं कारण जिथे जिथे लिहिलंय, तिथे बहुधा एक पक्षी मेलाय. म्हणजे नोंद आहेच, फक्त ती फॉल्टची म्हणून वाचली जाते. गेल्या पाच वर्षांतल्या त्या ओळी खांबाच्या क्रमांकासह वीज कंपनीने छापाव्यात. तेच ते खांब पुन्हा पुन्हा निघतील, पैजेवर सांगतो. आधी तेवढ्यांना स्लीव्ह घाला. लाइटही जाणार नाही, म्हणजे ज्यांना पक्ष्यांशी देणंघेणं नाही त्यांचीही सोय होईल.

आणि आता विषय निघालाच आहे तर! पावसाळापूर्व देखभालीच्या नावाखाली गेल्या महिन्यात आमच्या कॉलनीतल्या रेन ट्रीचा पार खुंट करून टाकला. फांद्या छाटणं वेगळं, हे वेगळं. त्या झाडावर घारीचं जुनं घरटं होतं. झाड नाही म्हटल्यावर ती खांबावर येणार नाही तर कुठे जाणार? छाटलेल्या फांद्या अजून रस्त्यातच पडल्यात. वीज कंपनी म्हणते उचलणं नगरपालिकेचं काम, नगरपालिका म्हणते तोडल्या त्यांनी. काल रात्री एक स्कूटरवाला त्यात अडकून पडला. त्याची बातमी देताना निदान फांदीला दोष देऊ नका.

— एक निवृत्त आयटीआय निदेशक, सासवड