लहान राष्ट्र कोणास म्हणावे?

ऑलिंपिक सामने आटोपले, की ज्या घरी चार शिकलेली माणसे एकत्र बसतात त्या घरी एक प्रश्न निघाल्यावाचून राहत नाही. नकाशावर भिंग लावून शोधावे लागणारे देश सुवर्णपदके नेतात, आणि एकशेचाळीस कोटींचे आम्ही मागे का? पॅरिसच्या २०२४ च्या सामन्यांनंतर हा प्रश्न अधिकच जोराने विचारला गेला. त्या वर्षी स्त्रियांच्या शंभर मीटर शर्यतीत सेंट लुसिया बेटाची ज्युलियन आल्फ्रेड पहिली आली. तिहेरी उडीत डोमिनिका बेटाची थिया लाफाँड पहिली आली. पहिल्या बेटाची वस्ती सुमारे एक लाख ऐंशी हजार, दुसऱ्याची सत्तर हजारांच्या आसपास. आम्ही राहतो तो साकीनाका मुंबई महापालिकेच्या ज्या कुर्ला विभागात मोडतो, त्या एका विभागात २०११ च्या खानेसुमारीत नऊ लाख माणसे मोजली गेली होती. भारतास त्या खेपेस पदके मिळाली सहा, व त्यांत सुवर्ण एकही नव्हते.

या प्रश्नाची ठरीव उत्तरेही आहेत. कोणी हवेकडे बोट दाखवितो, कोणी आहाराकडे, कोणी सरकारकडे. आमच्या मते उत्तराआधी प्रश्नच तपासून घेतला पाहिजे. राष्ट्राचे लहानमोठेपण आपण डोकी मोजून ठरवितो. क्रीडांगणावरही तेच माप लागू पडते काय? याकरिता वाचकांस शंभर वर्षांहून थोडे अधिक मागे नेणे भाग आहे.

पुण्याची डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ साली निघाली. सर दोराबजी टाटा हे तिचे अध्यक्ष असता १९१९ च्या सुमारास तेथे शर्यती झाल्या. धावणारे बहुतेक शेतकऱ्यांचे मुलगे. पायांत काही नाही, युरोपीय नियमांची ओळख नाही, पोटात घरची भाकरी. तरीही त्यांतील काहींच्या वेळा युरोपातल्या नामांकितांच्या वेळांच्या जवळ जातात हे दोराबजींच्या ध्यानी आले. त्यांनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचे साहाय्य मिळविले, स्वतःच्या पदरचा पैसा घातला, आणि १९२० साली बेल्जममधील अँटवर्प येथे भरलेल्या सामन्यांस हिंदुस्थानचा पहिला संघ रवाना केला. आज साकीनाक्यावरील आकाशातून दर काही मिनिटांनी विमान उतरत असते, व त्यातून खेळाडू एका रात्रीत युरोप गाठतात. हे लोक बोटीने गेले.

संघ केवढा म्हणाल, तर सहा जणांचा. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले, सदाशिव दातार व कैकाडी हे लांब पल्ल्याचे धावणारे. बंगालचे पूर्मा बॅनर्जी हे कमी पल्ल्याचे. आणि रणधीर शिंदे व कुमार नवले हे दोन मल्ल. ज्या देशाची लोकसंख्या तेव्हा एकतीस कोटींवर होती, त्याची ही सेना! आपला स्वतःचा म्हणावा असा राष्ट्रध्वजही त्यांच्यापाशी नव्हता.

आता मॅरेथॉन शर्यतीकडे वळू. ती २२ ऑगस्ट १९२० रोजी झाली. अंतर पाव किलोमीटर कमी त्रेचाळीस किलोमीटर, म्हणजे ४२.७५ किलोमीटर; ऑलिंपिकच्या इतिहासात याहून लांब मॅरेथॉन झालेली नाही. पहिला आला फिनलंडचा हान्स कोलेहमाइनेन. त्याच्यामागून अवघ्या तेरा सेकंदांनी दुसरा आला तो एस्टोनियाचा यूरी लोसमान. या दोन नावांपाशी आम्ही वाचकांस क्षणभर थांबवू इच्छितो. हाच कोलेहमाइनेन १९१२ साली स्टॉकहोम येथे तीन सुवर्णपदके जिंकला होता. परंतु फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली असल्यामुळे त्याच्या विजयानंतर ध्वज चढला तो रशियाचा. १९१७ च्या डिसेंबरात फिनलंड स्वतंत्र झाले, १९१८ त एस्टोनियाने स्वातंत्र्य पुकारले, आणि अँटवर्पला ही दोन्ही राष्ट्रे प्रथमच स्वतःच्या ध्वजाखाली उतरली. फिनलंडची वस्ती तीस लाखांच्या घरात, एस्टोनियाची दहा लाखांच्या. आमचे चौगुले त्याच रस्त्यावर धावत होते. ते एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. विजेत्याहून सुमारे अठरा मिनिटे अधिक. बेळगावच्या या गृहस्थांच्या मागे कितीतरी युरोपीय धावक राहिले, ही गोष्ट आपल्या शाळांतील एका तरी क्रमिक पुस्तकात यावयास हवी होती.

शिंदे यांची हकीकत याहून चटका लावणारी आहे. तांबड्या मातीत वाढलेला हा मल्ल गादीवरील परक्या नियमांनी लढला आणि आपल्या वजनगटात चौथा आला. कांस्यपदकाची कुस्ती त्यांच्या हातून गेली ती ग्रेट ब्रिटनच्या बर्नार्डकडे, म्हणजे राज्यकर्त्यांच्याच मल्लाकडे.

त्या सामन्यांत फिनलंडने पंधरा सुवर्णपदके मिळविली. मैदानी शर्यतींत तर त्याने बलाढ्य अमेरिकेइतकीच, म्हणजे नऊ, सुवर्णपदके नेली. आता यांत लहान राष्ट्र कोणते? तीस लाखांचे, की एकतीस कोटींचे? आम्हास वाटते, धावणाऱ्याच्या पाठीमागे किती माणसे खरोखर उभी आहेत, यावर संघाचे लहानमोठेपण ठरते. फिनलंडच्या धावकामागे त्याचे सबंध राष्ट्र होते. चौगुल्यांच्या मागे पुण्यातील एक जिमखाना व एक उदार पारशी गृहस्थ. आपल्याकडे ही जाणीव पूर्वी नव्हतीच असेही नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण आहे. मल्लांचे वर्ग कसे पाडावे, त्यांनी व्यायाम कोणता करावा याबरोबरच त्यांच्या दूधसाखरेचा खर्च राजाने सोसावा, हेही त्यात सांगितले आहे.

राजे गेले. त्यांच्या जागी आता आपण आहोत, आणि म्हणून आमच्या वाचकांस दोन शब्द कठोर वाटले तरी बोलतो. पदक हुकले की ज्या घरात आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे हळहळतात, त्याच घरातला मुलगा दहावीत गेला की त्याचे खेळणे प्रथम बंद होते. शाळाखात्यात आमचे आयुष्य गेले. जूनमध्ये वेळापत्रकात असलेला कवायतीचा तास जानेवारीत गणिताच्या पदरी पडलेला आम्ही वर्षानुवर्षे पाहिला. त्याबद्दल एकाही पालकाने तक्रार केल्याचे आम्हास स्मरत नाही. मुलीच्या बाबतीत तर खेळणे बंद होण्यास दहावीचीही वाट पाहिली जात नाही. अशा घरांनी डोमिनिकाची वस्ती विचारू नये.

स्वातंत्र्यानंतर तरी पाठीमागची माणसे वाढली काय? कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले. १९५२ चे सामने फिनलंडच्याच राजधानीत, हेलसिंकीला होते. तेथे जाण्यास पैसा नव्हता. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीस एक दीर्घ कुस्ती संपताच खाशाबांस लगेच दुसरीस, रशियन मल्लाशी, उभे करण्यात आले. मध्ये अर्धा तास विश्रांती द्यावी असा नियम होता. तो दाखवून हरकत घेण्यास त्या वेळी तेथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले व कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. महाराष्ट्राच्या खेळाडूस दुसरे वैयक्तिक पदक मिळावयास पुढे बहात्तर वर्षे लागली. ते पॅरिसला नेमबाजीत कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी मिळविले.

खाशाबा परतले तेव्हा कऱ्हाडास शंभरांहून अधिक बैलगाड्या त्यांच्या मिरवणुकीस आल्या होत्या. त्यांनंतर खाशाबांनी प्रथम कोणते काम हाती घेतले असेल? त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरविली, स्वतः लढले, आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवून दिले.