नोकरी न सोडता शिकू द्या
राज्यातील चारही कृषी विद्यापीठांच्या कुलगुरूंना खुले पत्र

मा. कुलगुरू महोदय,
राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली



दरवर्षी हजारो मुलंमुली बी.एस्सी. कृषी होऊन बाहेर पडतात. मी त्यांतलीच एक. लातूर जिल्ह्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी बांधावर जाऊन पीक सल्ला देण्याचं काम करते. तुमच्याकडे एकच मागणी आहे. नोकरीत असलेल्या कृषी पदवीधरांसाठी कृषीविद्या विषयाचा एक वर्षाचा पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करा आणि त्याचे क्रेडिट पुढे एम.एस्सी.साठी धरा.

ही मागणी का, ते जुलैत आमच्या भागात येऊन पाहिलं की कळेल. पेरणी होऊन महिना झालेला असतो, चार दिवस झड लागते आणि सोयाबीन पिवळं पडतं. शेतकरी दोन पानं तोडून खिशात घालतो आणि थेट कृषी सेवा केंद्र गाठतो. पिवळं पान तर तीन-चार कारणांनी होतं. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं असेल तर लोह कमी पडलंय. जमीन चुनखडीची असते किंवा पाणी साचून वाफसा गेलेला असतो, आणि मुळांना लोह उचलता येत नाही. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्राकडे बघायचं. उपटून मुळांवरच्या गाठी फोडायच्या, आत गुलाबी रंग आहे का ते पाहायचं. पानावर हिरवे-पिवळे चट्टे मिसळलेले असतील तर तो मोझॅक, आणि त्यामागे पांढरी माशी. पहिल्यात चर काढून पाणी बाहेर काढायचं आणि हिराकसची फवारणी करायची. तिसऱ्यात रोगट झाडं उपटून माशीचा बंदोबस्त करायचा. दुकानात मात्र तिन्हींवर एकच उत्तर मिळतं: एक कीटकनाशक, एक टॉनिक, दोन्ही एकाच पंपात. शेतकऱ्याचे पैसे जातात आणि पान पिवळंच राहतं.

हा फरक तिथल्या तिथे सांगू शकेल असा माणूस गावात हवा. तो होण्यासाठी पदवी लागते, पण पदवी पुरत नाही. 2018 मध्ये मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आली. त्याआधी पदवी घेतलेल्या कुणालाही ती वर्गात शिकवलेली नव्हती. नॅनो युरियाही 2021 मध्येच बाजारात आला. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचे ढीग लागले, तेव्हा गोणपाटात शंभर बिया गुंडाळून उगवणक्षमता तपासायची साधी पद्धत गावोगाव जाऊन दाखवणारे हात कमी पडले. त्याआधी 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. कोणतं औषध कशात मिसळायचं नाही, पीक डोक्याच्या वर गेलं की फवारणी कशी करायची, हे ज्ञान विद्यापीठात होतं. ते फवारणाऱ्यापर्यंत पोचलं नाही. हे मला आजही सहन होत नाही.

मग शिकायचं असेल तर रस्ता कोणता? एम.एस्सी. हाच. दोन वर्षं पूर्णवेळ, वसतिगृहात राहून. घरचा हप्ता पगारावर चालतो त्याला ते शक्य नाही. लग्न होऊन मूल झालेल्या माझ्या मैत्रिणींना तर मुळीच नाही. त्यांच्यात वर्गात पहिल्या आलेल्या मुली आहेत. इकडे वरच्या पदाची जाहिरात निघते तेव्हा ‘एम.एस्सी. असल्यास प्राधान्य’ ही ओळ असतेच. दहा वर्षं बांधावर काढलेला माणूस क्षेत्र अधिकारीच राहतो आणि कालचा पदव्युत्तर त्याचा साहेब होतो. त्या साहेबाचा दोष नाही. पण दहा वर्षांचं काम मोजायला कुणाकडेच माप नसावं, हे खटकतं.

काम न सोडता शिकण्याची सोय इतरांसाठी झालेली आहे. हैदराबादच्या मॅनेज संस्थेने कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी 2003 मध्ये ‘देसी’ पदविका सुरू केली. 48 आठवडे, आठवड्यातून एक दिवस, दुकान चालू ठेवून. चांगली योजना आहे, माझ्या माहितीतल्या काही दुकानदारांनी मनापासून केली आहे. त्याच संस्थेची विस्तार व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका दूरस्थ पद्धतीने करता येते, पण ती विस्ताराची, पिकाची नव्हे. आता पदवीच्या पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका मिळण्याची सोय सहाव्या अधिष्ठाता समितीच्या आराखड्यात झाली आहे. मध्येच सोडणाऱ्यासाठी दार झालं, परत येणाऱ्यासाठीही होऊ द्या.

अभ्यासक्रम हंगामाच्या चालीने आखावा, एवढा आग्रह आहे. वर्ग एप्रिल-मे मध्ये, जिल्ह्यातल्या कृषी संशोधन केंद्रावर किंवा कृषी विज्ञान केंद्रात. जूनपासून प्रत्येकाने आपल्याच कामाच्या गावात एक प्रयोग उभा करायचा: पेरणीची तारीख, रुंद वरंबा सरी, आंतरपिकाच्या ओळी, तणनाशकाची वेळ, जे तिथे उपयोगाचं असेल ते. तुमच्या प्राध्यापकांनी हंगामात दोनदा तरी त्या शेतात यावं. गावात राहून शिकवण्याची पद्धत तुम्हाला नवी नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाचं आमचं रावे (ग्रामीण कृषी कार्यानुभव) तसंच तर होतं. दरवर्षी संयुक्त संशोधन बैठकीत, म्हणजे जॉइंट अ‍ॅग्रेस्कोत चारही विद्यापीठांच्या ज्या शिफारशी मंजूर होतात, त्या या वर्गात आधी शिकवा. आज त्या पुस्तिकेत छापून येतात आणि आमच्यापर्यंत यायला वर्षं जातात.

परीक्षा सोपी ठेवू नका. दोन पानांवर असतानाच तणं ओळखता आली पाहिजेत, माती परीक्षणाचा अहवाल वाचून खताचा हिशेब मांडता आला पाहिजे, फवारणी पंपाचं कॅलिब्रेशन उभ्या उभ्या करून दाखवता आलं पाहिजे. पैसे भरून घरी बसल्या मिळणारं प्रमाणपत्र आम्हाला नको, त्याने खऱ्या शिकलेल्याचीही किंमत जाते. खत-औषध कंपन्यांचं प्रायोजकत्वही घेऊ नये. अमेरिकेत प्रमाणित पीक सल्लागाराला दर दोन वर्षांनी 40 तासांचं नवं शिक्षण पूर्ण करावं लागतं, नाहीतर प्रमाणपत्र जातं. आपणही अशी अट घातली तर मी तिचं स्वागतच करीन.

शुल्क मात्र क्षेत्र अधिकाऱ्याच्या पगाराला पेलेल असं ठेवा, आणि हप्ते द्या.

चारही विद्यापीठांनी एकत्र बसून पुण्याच्या कृषी शिक्षण व संशोधन परिषदेपुढे हा प्रस्ताव या हिवाळ्यात ठेवला, तर मार्चमध्ये प्रवेश होऊन पहिली तुकडी येत्या खरिपात शेतात उतरू शकते. पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाने तीस जागा दिल्या तरी चालतील. लातूरहून अर्ज करायला आम्ही तयार आहोत.

आपली,
एक कृषी पदवीधर, लातूर