नगरच्या मिस फरार

वर्गात १८४८ साल आले, पुण्याचा भिडेवाडा आला, की पोरे माना डोलावतात. मुलींची शाळा काढावी हे जोतीराव फुल्यांना सुचले कोठे, असे विचारले की मात्र सगळे चिडीचूप!

उत्तर अहमदनगरात आहे. (आता अहिल्यानगर म्हणायचे.) अमेरिकन मराठी मिशनने तेथे १८३१ साली ठाणे मांडले. सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन बाई १८२७ मध्ये मुंबईस उतरली, तेव्हा वय बत्तीस. पुढे नगरला येऊन तिने मुलींच्या शाळा चालवल्या. शिकलेली मुलगी लवकर विधवा होते, असे घरोघरी मानले जात होते. त्या काळात मुली गोळा करायच्या, म्हणजे उंबरठे झिजवणे आलेच.

मित्र गोवंडे यांच्याकडे नगरला गेलेल्या जोतीरावांनी ही शाळा पाहिली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडेही याच बाईंपाशी घेतले, असे चरित्रकार सांगतात.

आमचे काही विद्वान ‘हेतू धर्मप्रसाराचा होता’ एवढे म्हणून पान उलटतात. होताच, मिशनने तो लपवला कधी? जोतीराव काही ख्रिस्ती झाले नाहीत. घ्यायचे ते घेऊन पुण्यास परतले. पण वाचकहो, हेतूवर बोट ठेवणाऱ्यांच्या पूर्वजांनी तोवर किती लेकींच्या हाती पाटी दिली होती?

१८६२ साली बाई नगरलाच वारल्या. मराठी ग्रंथांत त्यांचे नाव सावित्रीबाईंच्या ओघात एखाद्या ओळीपुरते येते. तेही कोठे फरार, कोठे फॅरार.