सिंहावलोकनाची सोय

पेठसारख्या तालुक्याच्या गावी मराठी साहित्य शिकवताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. समोरच्या अनेक विद्यार्थ्यांची घरची बोली कोकणा आहे. ग्रंथांतली प्रमाण मराठी त्यांना प्रयत्नाने आपलीशी करावी लागते. कानावर पडलेला शब्द डोळ्यांनाही दिसावा, या हेतूने मी वर्गात बोलणे टिपून घेणारा एक संगणक-प्रोग्राम वापरू लागलो. आपण बोलावे आणि मजकूर भिंतीवर ओळीओळीने उमटत जावा, अशी ती सोय.

विषय होता विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 साली सुरू केलेली 'निबंधमाला'. तिच्या गद्यशैलीविषयी मी एक लांबलचक विधान केले. एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, मागचं वाक्य परत दाखवा ना." मी मजकूर मागे नेला आणि म्हणालो, "हे पाहा." प्रोग्रामने तेही दोन शब्द इमानाने टिपले आणि पडदा क्षणात तळाशी गेला! पुन्हा मागे गेलो. कोणीतरी हसले म्हणून "शांत बसा" म्हणालो. पडदा पुन्हा तळाशी. वर्ग हसला, मीही हसलो. तिचे वाक्य मात्र राहूनच गेले.

या आपोआप सरकण्यामागचा विचार साधा आहे. चौकटीत नवी ओळ आली की दृश्य तळाशी न्यायचे, म्हणजे सर्वांत ताजे ते नेहमी समोर राहते. यंत्राच्या कामकाजाच्या नोंदींवर नजर ठेवणाऱ्याला हे सोयीचेच आहे. परंतु 'ताजे तेच महत्त्वाचे' हे गृहीतक वाचनाला लागू पडत नाही. मराठी वाचनाला तर नाहीच. आपल्या भाषेत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. नकारही शेवटीच येतो. चार ओळींचे वाक्य होकाराच्या वाटेने चालत येते आणि अखेरच्या 'नाही'ने सगळा अर्थ फिरतो. त्या क्षणी वाचकाची नजर आरंभाकडे वळते. तेव्हा आरंभच पडद्याबाहेर गेलेला असेल, तर वाचकाने शब्द पाहिले, वाक्य वाचले नाही, असेच म्हणावे लागेल.

चालता चालता मान वळवून मागची वाट पाहणाऱ्या सिंहावरून आपण 'सिंहावलोकन' हा शब्द घेतला. समीक्षेत तो आपण सढळ हाताने वापरतो. पण अवलोकनाची ही क्रिया प्रत्येक वाक्यात घडत असते, हे विसरतो.

यावर कोणी म्हणेल, कीर्तनातला शब्द तरी कुठे मागे वळतो? आपली परंपरा तर श्रवणाचीच. आक्षेप रास्त आहे. मात्र कीर्तनकार श्रोत्यांचे चेहरे पाहतो, ध्रुपदाकडे परत येतो, एकच चरण पुनःपुन्हा घोळवतो. पोथी वाचणारा सुटे पान उलटून बाजूला ठेवतो. ते हाताशीच असते. गती दुसऱ्याच्या हाती असली तरी तिथे ऐकणाऱ्याची दखल घेतली जाते. माझ्या प्रोग्रामाने ती घेतली नाही, एवढाच माझा मुद्दा.

आणि उपाय काही अवघड नाही. नवी ओळ भरण्यापूर्वी प्रोग्रामाने एकच गोष्ट तपासावी : वाचक या क्षणी तळाशी आहे का? असेल तर त्याच्यासोबत खाली सरकावे. तो मागे गेला असेल तर नव्या ओळी खाली निमूटपणे जमू द्याव्यात आणि 'पुढे नवा मजकूर आहे' एवढी खूण दाखवावी. गप्पांच्या अनेक प्रोग्रामांत हा शिष्टाचार रूढ झालेला आहे. जिथे शिकणारी माणसे वाचतात, तिथे तो अनिवार्य मानायला हवा.

त्या दिवसापासून कोणी मागचे विचारले की मी आधी माईक बंद करतो. मग वाक्य दाखवतो, आणि गप्प उभा राहतो. ही शांतता मला आरंभी जड गेली, हे कबूल केले पाहिजे. ठरल्या तारखेला अभ्यासक्रम संपवायचा म्हणून पुढचा मुद्दा, त्यापुढचा मुद्दा असे आपणही वर्षानुवर्षे सरकत आलो आहोत. कोणी मागे रेंगाळले आहे का, हे किती वेळा पाहिले? प्रोग्राम दुरुस्त होईल. प्रश्न आपल्या तासाचा आहे.