परदेशी बस्ता आणि देशी जकात

बी. ए. द्वितीय वर्ष

लग्न ठरले की आपल्याकडे पहिली धावपळ बस्त्याची. पूर्वी बस्ता म्हणजे तालुक्याचे गाव. ऐपत असेल तर शहरातली गुलमंडी. आता काही घरांतून बँकॉक, दुबई, सिंगापूर अशी नावे कानी येतात. शेंद्र्याच्या माळावर कारखाने उभे राहिल्यापासून आमच्या पंचक्रोशीतही परदेशी जाऊन आलेली माणसे भेटू लागली आहेत. कोणी कंपनीच्या कामासाठी जातो, कोणी सहलीला, आणि येताना बॅगा भरून कपडे आणतो. यात वाईट काहीच नाही. ज्यांच्या आजोबांनी मुंबई पाहिली नाही, त्यांनी समुद्र ओलांडावा, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

परंतु या खरेदीच्या गप्पा रंगात आल्या की एक वाक्य हमखास ऐकू येते : "किमतीच्या चिठ्ठ्या काढून टाकायच्या, कपडे एकदा अंगावर घालायचे, मग विमानतळावर कोण विचारतो?" ऐकणारे हसतात, सांगणाऱ्याची हुशारी वाखाणतात. मित्रहो, हे हसू मला बोचते. ही हुशारी नसून पंगतीतून पहिले पान उचलून पळण्याचा प्रकार आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. ते का, हे या लेखात मांडण्याचा प्रयत्न करतो.

आधी नियम पाहू, कारण अर्धे वाद अज्ञानातून होतात. 1962 च्या सीमाशुल्क कायद्याप्रमाणे प्रवाशाने आपल्या सामानात काय आहे ते स्वतः जाहीर करायचे असते. विमानतळावर दोन वाटा असतात. शुल्क भरण्याजोगे काही नसेल तर हिरवी वाट, असेल तर लाल. आपण नेलेल्या, वापरलेल्या कपड्यांवर शुल्क नसते. नव्या खरेदीलाही ठरावीक मर्यादेपर्यंत सूट असते. 2016 च्या नियमांत ती माणशी 50,000 रुपये होती. 2026 मध्ये ती 75,000 करण्यात आली. 2016 च्या नियमांनंतरच्या काळात मर्यादेवरच्या किमतीवर शेकडा 35 मूळ शुल्क आणि त्यावर अधिभार मिळून शेकडा साडेअडतीस भरावे लागत. म्हणजे त्या वेळी 80,000 रुपयांचे कपडे आणणाऱ्याला वरच्या 30,000 वर 11,550 रुपये द्यावे लागत. रक्कम लहान नाही, हे मान्य. पण शुल्क सगळ्या बॅगेवर नाही, सुटीच्या वर जे उरते त्यावर आहे, हे कोणी सांगत नाही. आणि नवा कपडा एकदा अंगावर चढवला म्हणून तो जुना होत नाही, हे तो चढवणाऱ्यालाही ठाऊक असते.

पहिला आक्षेप असा येतो की, "पैसा आमच्या घामाचा, त्यावर प्राप्तिकर भरलेला. पुन्हा शुल्क कशाला?" याचे उत्तर मी अर्थशास्त्राच्या पुस्तकातून देत नाही, घरातून देतो. माझे वडील औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार आहेत. आई धाकट्या भावाच्या गणवेशाचे कापड घेते तेव्हा त्या कापडाच्या किमतीत शेकडा पाच वस्तू व सेवा कर धरलेला असतो. तिचाही पैसा घामाचाच आहे. तिला कोणी विचारत नाही की, बाई, तुम्ही हिरव्या वाटेने जाता की लाल? तिच्यासाठी एकच वाट आहे, आणि तिच्यावर कर वसूल होतोच. कर चुकवण्याची सोय ज्याच्याजवळ पारपत्र आहे त्याला, आणि भरण्याची सक्ती जिने विमान फक्त आकाशात पाहिले तिला, हा कुठला न्याय?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. "मोठे लोक कोटींची जकात बुडवतात, आमच्या चार साड्यांनी देश बुडणार आहे का?" मोठ्यांची चोरी पकडलीच पाहिजे. ती सुटते हे दुःख खरे आहे. परंतु एकाने विहिरीत घाण टाकली म्हणून दुसऱ्याने मूठभर टाकावी, असे गावात कोणी म्हणत नाही. दुसऱ्याची ती तस्करी आणि आपली ती काटकसर, हा 'आपला तो बाब्या' न्याय झाला.

जकातीचा राग आपल्या रक्तात आहे, आणि त्याला इतिहास आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला तो नाकारता येणार नाही. आपला मराठवाडा निझामाच्या राज्यात होता, तेव्हा परदेश फार जवळ होता. नगर रस्त्यावर गोदावरी ओलांडली की कायगावच्या पलीकडे इंग्रजांचा मुलूख लागे. मधल्या हद्दीवर निझामाचे जकात खाते असे. त्याला 'करोडगिरी' म्हणत. इंग्रजी मुलखातून व्यापाऱ्याने आणलेल्या कापडाच्या गाठोड्याला या नाक्यांतून जावे लागे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात हे करोडगिरी नाके जाळण्याचा, उद्ध्वस्त करण्याचा कार्यक्रम लोकांनी हाती घेतला होता. 17 सप्टेंबर 1948 रोजी ते राज्य संपले.

त्याआधीची आणखी एक गोष्ट कापडाचीच आहे. 1896 मध्ये इंग्रज सरकारने परदेशी कापडावरील आयातकर शेकडा साडेतीन केला आणि तेवढाच कर हिंदी गिरण्यांच्या कापडावर बसवला. मँचेस्टरच्या मालाला स्पर्धा नको, हा त्यातला हेतू. लोकमान्य टिळकांनी या अन्यायाविरुद्ध आवाज उठवला. पुढे 1905 मध्ये पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली.

यातून कोणी असा अर्थ काढील की जकात बुडवणे हाच देशभक्तीचा वारसा! तसे नाही. आपल्या पूर्वजांचे भांडण जकात कोण ठरवतो आणि कोणासाठी ठरवतो, याच्याशी होते. निझामाच्या जकातीत प्रजेला मत नव्हते. इंग्रजांच्या करात हिंदी विणकराचे हित नव्हते. आज दर चुकीचा वाटला तर संसदेत बोलायला आपण माणूस निवडून देतो, वर्तमानपत्रात लिहू शकतो, न्यायालयात जाऊ शकतो. नाके जाळणाऱ्यांनी उघडपणे जाळले आणि तुरुंग भोगला. चिठ्ठी फाडून हळूच बाहेर पडणाऱ्याने त्यांचे नाव घेऊ नये.

हा प्रश्न आजचाही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षावर स्वतंत्र प्रकरण आहे. लग्नासाठी नेलेला माल, सुनेबरोबर येणारे सामान यांना त्याने शुल्क माफ केले आहे. पण खोटे सांगून ही माफी घेणाऱ्याला चोराची शिक्षा सांगितली आहे. शुल्काच्या भीतीने किंमत कमी सांगणाऱ्याला आठपट शुल्काचा दंड आहे. बस्त्याला सवलत आणि लबाडीला दंड : इतका स्वच्छ विचार त्या काळी झाला होता.

आता शेंद्र्याकडे येतो. 2001 पासून येथे स्कोडा कंपनीच्या गाड्या जोडल्या जातात. हा कारखाना आपल्या माळावर का आला? कारणे अनेक आहेत, पण एक कारण जकातीचे आहे. परदेशातून तयार गाडी आणली तर जबर आयातशुल्क, सुटे भाग आणून येथे जोडली तर कमी. म्हणून जोडण्याचे काम इथल्या हातांना मिळाले. आमच्या गावच्या कित्येक चुली या फरकावर पेटल्या आहेत. कारखान्यासाठी जकात हवी आणि बॅगेसाठी नको, असे एकाच तोंडाने म्हणता येणार नाही.

अर्थात जकातीने सगळे वाचते असे मी म्हणणार नाही. याच जिल्ह्यातला हिमरू आज मोजक्या मागांवर उरला आहे, तो जकात असूनही. विणकराला शेवटी गिऱ्हाईकच वाचवते. लग्नाच्या खरेदीसाठी दुबईला जाणाऱ्याने पैठणच्या मागावर एक फेरी मारली, तर ते काम कोणत्याही कायद्याहून मोठे होईल.

सरकारलाही चार शब्द सांगणे भाग आहे. प्रामाणिकपणाची अपेक्षा करायची तर प्रामाणिक माणसाला मान द्यावा. आखाती देशात राबून दोन-तीन वर्षांनी घरी येणारा मजूर बहिणीसाठी साड्या आणतो. नियमांची भाषा त्याला कळत नाही, गणवेशातला माणूस दिसला की तो घाबरतो. सुटीची मर्यादा, शुल्काचा दर आणि एक सोडवलेले उदाहरण शुद्ध मराठीत, ठळक अक्षरांत विमानतळावर लावायला कितीसा खर्च येणार आहे? मजुराची पेटी उघडायची आणि साहेबांची बॅग नमस्कार करून सोडायची, असे जिथे घडेल तिथे जकातीला नैतिक बळ उरणार नाही. लाल वाटेने जाणारा गुन्हेगार नाही. तो या देशाचा वर्गणीदार आहे, त्याला तसेच वागवले पाहिजे.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आपणच पहिले महाविद्यालयात आलो. उद्या आपल्यातलेच काही घरातले पहिले पारपत्र काढतील. ज्या शिष्यवृत्तीवर, ज्या एस. टी.च्या सवलतीच्या पासावर आपण येथवर आलो, तो पैसा कोणीतरी कर भरला म्हणूनच जमला. तो भरणाऱ्यांत आपल्या आयाही होत्या. परदेशी कपडे जरूर आणा, हौसेने मिरवा. मात्र मर्यादेवरचे असतील तर बिल हातात धरून लाल वाटेने या. पावती घेऊन बाहेर पडणाऱ्याला कोणाकडूनही काही लपवावे लागत नाही.